उपचाराच्या खोलीत वस्तीचा प्रश्न

पुण्याच्या भार्गवी दावर यांचे २०२४ मध्ये निधन झाले. त्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक होत्या आणि मुंबईच्या आयआयटीतून त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. पुढे कलाधारित उपचारपद्धतीचे रीतसर शिक्षण घेऊन त्या उपचारक झाल्या. आणि या दोन्हींच्या मुळाशी, मानसिक आजाराचा शिक्का बसलेल्या माणसांच्या हक्कांसाठी आयुष्यभर भांडणाऱ्या कार्यकर्त्या त्या होत्याच. त्यांच्या आईला मनोरुग्णालयांत राहावे लागले होते आणि त्या संस्थांच्या भिंतींआडचे जग दावर यांनी लहानपणीच पाहिले होते. १९९९ मध्ये पुण्यात संस्था स्थापन करताना त्यांनी तिला आईचेच नाव दिले : बापू ट्रस्ट.

अशा माणसाला नेमके काय म्हणावे, याची आपल्याकडे पंचाईत होते. डॉक्टरांना त्या कार्यकर्त्या वाटतात, कार्यकर्त्यांना उपचारक आणि कलावंतांना यांपैकी काहीतरी. ही पंचाईत नुसती ओळख करून देण्यापुरती असती तर त्यावर लेख लिहायचे कारण नव्हते. पण निधी कोणत्या खात्यातून द्यायचा, नोंदणी कोणत्या परिषदेकडे करायची, तक्रार आली तर ती कोणी ऐकायची आणि मुळात मन सावरायला मदत करणाऱ्याने समाज बदलायला निघावे की नाही, हे सगळे प्रश्न तिच्यातूनच फुटतात. माझे मत असे आहे की मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात उपचार, कला आणि चळवळ ही तीन कामे नसून एकाच कामाच्या तीन बाजू आहेत. त्यांतली चळवळीची बाजू काढून टाकली की उरलेल्या दोघींना बाजार अलगद उचलून नेतो. म्हणून शासनाने आणि महापालिकांनी या कामाला एकसंध काम म्हणून पैसा आणि मान्यता द्यावी, मात्र त्याच्याकडून जबाबदारीचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे मागावा.

चळवळीला होणारा आक्षेप आधी घेऊ, कारण तो वजनदार आहे. उपचारकाने तटस्थ राहावे, समोरच्या माणसाचे ऐकावे, त्याच्यावर आपली मते लादू नयेत, ही शिस्त अनुभवातून आलेली आहे आणि ती मोडणाऱ्यांनी रुग्णांचे नुकसान केल्याची उदाहरणे या व्यवसायात कमी नाहीत. तरीही तटस्थता म्हणजे नेमके काय, हे एका साध्या उदाहरणावर तपासून पाहावे. एखाद्या वस्तीतली बाई सांगते की झोप लागत नाही, जीव घाबरतो, डोके जड होते, कशात मन लागत नाही. विचारत गेले की कळते, पाणी पहाटे तीनला येते म्हणून ती अडीचला उठते. नवरा पिऊन येतो तेव्हा मार खाते. दिवसभर चार घरची धुणीभांडी करते आणि महिन्याच्या शेवटी तिचा पगार सासू घेते. हिला दीर्घ श्वसन शिकवावे, अवश्य शिकवावे, त्याने छातीतली धडधड खरोखरच कमी होते. पण तेवढेच शिकवून तिला घरी पाठवले तर नकळत आपण तिला सांगतो की बिघाड तुझ्यात आहे. दोष नळाचा आणि औषध बाईला, असा हा प्रकार होतो आणि त्याला तटस्थता म्हणता येणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, हे तिला सांगणारा आणि तिला हवे असल्यास तिच्यासोबत त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढणारा उपचारक उपचार सोडून राजकारण करतो, असे मला वाटत नाही. झोप न लागण्याचे एक कारण तो हाताळत असतो.

दावर यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्याचा स्त्रीवादी दृष्टीने विचार केला. त्यात त्यांनी दाखवलेला एक फरक इथे फार उपयोगी पडतो. स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र आजारांच्या प्रमाणात स्त्रीपुरुषांमध्ये फारशी तफावत आढळत नाही. नैराश्य, चिंता यांसारख्या ज्यांना 'सामान्य' विकार म्हटले जाते, त्यांत मात्र स्त्रिया स्पष्टपणे जास्त दिसतात. हा फरक निव्वळ मेंदूच्या रचनेचा असता तर तो सगळ्याच आजारांत दिसायला काय हरकत होती? घरकामाचा बोजा, गरिबी, मारहाण आणि निर्णयाचा अधिकार नसणे यांच्याकडे हे बोट जाते. तसे असेल तर या विकारांवरचा उपचार दवाखान्याच्या चार भिंतींत पूर्ण होऊच शकत नाही.

मात्र चळवळ उपचाराच्या खोलीत आली की एक धोका तिच्यासोबत येतोच आणि तो चळवळीतल्या माणसांना सहसा दिसत नाही. रुग्णाची कहाणी मोर्चाच्या फलकावर जाते. तिचे रडणे अहवालात जाते, तिचा फोटो देणगीदारासमोर ठेवला जातो आणि हे सगळे तिच्या भल्यासाठी चालले आहे, असे करणाऱ्याला मनापासून वाटत असते. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे : तिला नवऱ्याशी जुळवून घ्यायचे असते आणि उपचारकाला तिने वेगळे व्हावे असे वाटत असते. अशा वेळी उपचारकाच्या विचारसरणीने मागे हटले पाहिजे. व्यवस्थेशी भांडताना पुढे, रुग्णाच्या निर्णयापुढे मागे, हे पाळायला तटस्थतेहूनही जास्त शिस्त लागते आणि ती प्रशिक्षणाने व देखरेखीनेच येते.

आता कलेकडे. बापू ट्रस्टने पुण्यातील अल्प उत्पन्न वस्त्यांमध्ये 'सेहेर' नावाचा उपक्रम चालवला. घरभेटी, गटबैठका, पोषणाकडे लक्ष, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आधाराचे वर्तुळ आणि त्यांच्या जोडीला कलाधारित सत्रे, असे त्याचे स्वरूप आहे. हे 'कलाधारित' प्रकरण बाहेरून पाहणाऱ्याला करमणुकीचे वाटते, म्हणून अशा सत्रात साधारणपणे काय चालते ते थोडे जवळून पाहिले पाहिजे. समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली असते, आठदहा जण गोलात बसलेले असतात, हातात डफ, खंजिरी नाहीतर नुसता पत्र्याचा डबा. सत्र घेणारी एक ठेका धरते, बाकीचे तो उचलतात, मग एकेकाने आपला ठेका द्यायचा आणि सगळ्यांनी तो परत वाजवायचा. गोलात एखादी अशी असते की जिने कित्येक दिवसांत कोणाशी धड बोलणे केलेले नाही. तिची पाळी येते तेव्हा ती डब्यावर बोटाने दोनदा टकटक करते आणि थांबते. सत्र घेणारी तिला आणखी वाजव म्हणत नाही. ती तेच दोन ठोके जसेच्या तसे वाजवते आणि पूर्ण गोल तेच वाजवतो. पुढच्या फेरीत ती बाई तीन ठोके देते. आपण काही केले की दुसरा त्याला उत्तर देतो, हा अनुभव आजारात सर्वांत आधी हरवलेला असतो आणि तो शब्दांच्या आधी परत येऊ शकतो. 'मला नैराश्य आले आहे' हे वाक्य उच्चारायला जी भाषा, जी फुरसत आणि जो श्रोता लागतो, ते सगळे काही प्रत्येकाकडे नसते.

या कामाला पुराव्याचे पाठबळ आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावर एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात ३,००० हून अधिक अभ्यासांचा परामर्श घेतला होता आणि आजार टाळण्यापासून ते सांभाळण्यापर्यंत कलेचा उपयोग होतो, असा त्याचा एकूण कल होता. हा पुरावा नाकारण्याजोगा नाही. पण त्यातल्या अभ्यासांचा दर्जा एकसारखा नाही, हेही तितकेच खरे. म्हणून कलाधारित उपचार करणाऱ्या कोणी 'गोळ्या बंद करा' असे म्हटले की तिथून उठून चालू लागावे. ज्याला लिथियमसारख्या औषधाची गरज आहे त्याला डफ पुरणार नाही. उलट गोळी सुरू झाली, रुग्ण शांत झाला आणि घरात कोपऱ्यात बसून राहिला, तर तेही बरे होणे नव्हे. आपल्याकडच्या कित्येक कुटुंबांनी त्यालाच बरे होणे मानले आहे.

कलेने दुःख हलके होते, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, सासुरवास आहे, विठ्ठल आहे आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. पहाटेच्या अंधारात दोघी जणी जात्याला बसून आपले गाऱ्हाणे गळ्यातून काढीत, यात उपचार होता हे मान्यच. पण ओवीने जात्याचे वजन कमी झाले नाही. ते पिठाच्या गिरणीने केले. जाते गेले याची हळहळ आपल्यासारख्या वाचकांनाच जास्त. दळणाऱ्या हातांना गिरणीच बरी वाटली असणार. कला माणसाला तग धरायला लावते आणि नेमक्या याच कारणामुळे जे बदलायला हवे ते सोसायलाही लावू शकते. म्हणून तिच्या शेजारी गिरणीची मागणी करणारे कोणीतरी हवे.

हे तिन्ही धागे एकत्र विणले गेल्याचे मराठी समाजाला सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे मुक्तांगण. अनिल अवचट वैद्यकीय पदवी घेऊनही लेखणीकडे आणि चळवळींकडे वळले. हमाल, विडी कामगार अशा कष्टकऱ्यांच्या जगण्यावर त्यांनी लिहिले. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनावरचे अवचटांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि १९८६ मध्ये येरवड्याच्याच आवारात हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. एका लेखमालेतून उपचारकेंद्र जन्माला येते, हे साहित्य, समाजकार्य आणि वैद्यक यांच्यातल्या भिंती पक्क्या असत्या तर घडलेच नसते. पुढेही त्या भिंती तिथे उभ्या राहिल्या नाहीत. पस्तीस दिवसांच्या निवासी उपचारात संगीत आणि योगासने आली, व्यसनातून बाहेर पडलेली माणसे समुपदेशक म्हणून उभी राहिली, व्यसनमुक्तीचे वाढदिवस साजरे होऊ लागले आणि व्यसनी माणसाच्या बायकोचेही ऐकून घेतले पाहिजे म्हणून 'सहचरी' हा गट सुरू झाला. अवचट स्वतः बासरी वाजवत, लाकडात शिल्पे कोरत, कागदाच्या घड्या घालत. आपल्याकडे त्याकडे लेखकाचे छंद म्हणून कौतुकाने पाहिले गेले, पण हाताला काम लागले की मन थाऱ्यावर येते, हे कळलेल्या माणसाच्या कामाचाच तो भाग होता असे मला वाटते.

मुक्तांगणला समाजाने डोक्यावर घेतले आणि दावर यांचे काम त्या मानाने थोड्याच लोकांपर्यंत पोहोचले, याचे कारणही पाहण्यासारखे आहे. व्यसन वाईट हे सर्वांना मान्य असते. दावर यांचे भांडण मात्र थेट मनोरुग्णालयाच्या कुलपाशी, म्हणजेच आपल्या घराशीही होते, कारण ते कुलूप बहुतेक वेळा कुटुंबाच्या सहीने लागते. भारताने २००७ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्र करारनाम्याला मान्यता दिली. त्या कराराप्रमाणे कोणत्याही अपंगत्वामुळे माणसाचा कायदेशीर निर्णयक्षमतेचा अधिकार हिरावून घेता येत नाही आणि त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे. मग मानसिक आजाराच्या नावाखाली इच्छेविरुद्ध दाखल करणे या करारात कसे बसते, असा प्रश्न दावर आणि त्यांचे सहकारी विचारत राहिले. आशिया आणि प्रशांत महासागर परिसरातील अशा संघटनांना एकत्र आणण्यातही त्यांचा पुढाकार होता.

त्यांच्या या भूमिकेपाशी मी शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने १९८७ च्या कायद्यापेक्षा बरेच काही सुधारले : रुग्णाला आपल्या उपचारांबद्दल आगाऊ लेखी सूचना देता येते, नामनिर्देशित प्रतिनिधी निवडता येतो, भूल न देता विजेचे झटके देण्याला आणि साखळीने बांधण्याला मनाई आहे. स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णाला प्रतिनिधीच्या विनंतीवरून सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस दाखल करण्याची तरतूद मात्र त्यात आहे, आणि ती पूर्णपणे काढून टाकावी असे मला वाटत नाही. भ्रमाच्या भरात मुलगा रात्री विहिरीकडे धावतो तेव्हा म्हाताऱ्या आईबापांसमोर हक्कांची भाषा फार काळ टिकत नाही. पण दावर यांच्या आग्रहामुळे एक गोष्ट आपल्याला टाळता येत नाही : सक्तीची वेळ येईपर्यंत आपण काय केले? वस्तीत आधी कोणी येत होते का, रात्री फोन उचलणारे कोणी होते का, की पहिली भेटच पोलिसांची गाडी आणि इंजेक्शन यांची झाली? सक्तीचे समर्थन करणाऱ्याने हा हिशेब आधी द्यायला हवा. माझ्यासारख्याने तर नक्कीच.

दुसरा मतभेदाचा मुद्दा महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक नाजूक आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी, उपचारासाठी आणलेल्या मनोरुग्णांच्या आसऱ्यात, साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे आगीत जळून मेली. त्यानंतर देशभर मनोरुग्णांच्या उपचारासाठी प्रसिद्ध असलेल्या धर्मस्थळांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आणि ते स्वाभाविक होते. दावर यांनी मात्र २००९ मध्ये मधुरा लोहोकरे यांच्यासोबत महाराष्ट्रातील दर्ग्यांवर अभ्यासपूर्ण लेखन करून, तिथे येणाऱ्या पीडितांना काय मिळते, हा प्रश्न मांडला. नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्रात असे म्हणणे धाडसाचे होते. २०१३ मध्ये दाभोलकरांच्या खुनानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा गुन्हा ठरवला आणि त्यात एक अक्षरही कमी करू नये. तरी दर्ग्याच्या ओसरीवर अंगात येऊन घुमणाऱ्या बाईला तिथे जे मिळते, म्हणजे ओरडायची मुभा, आजूबाजूला तशाच बायका, घरापासून चार दिवसांची सुटका आणि 'हे तुझ्यामुळे नाही' असे सांगणारे कोणीतरी, ते आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मिळते का? मिळत नसेल, तर नुसते दर्गे बंद करून ती बाई रुग्णालयात येणार नाही. ती घरीच कोंडली जाईल. अंधश्रद्धेविरुद्धचा लढा आणि त्या बाईचे ऐकून घेणे यांत विरोध मानण्याचे कारण मला दिसत नाही, फक्त दोन्ही करणारी माणसे वेगवेगळ्या सभागृहांत बसतात.

आता बाजाराविषयी, आणि त्यावर जास्त शब्द खर्च करण्याची गरज नाही. शनिवार-रविवारच्या शिबिरात प्रमाणपत्र घेऊन 'होलिस्टिक हीलर' (समग्र उपचारक) झालेली मंडळी आज पुण्या-मुंबईत आणि गोव्याच्या किनाऱ्यावर दिसतात. त्यांच्याकडे चित्रे काढून घेतात, नाचायला लावतात, श्वास मोजायला लावतात; म्हणजे वर वर्णन केले त्यातले पुष्कळसे तिथेही असते. नसते ते एवढेच : येणाऱ्याच्या दुःखात त्याची नोकरी, जात, कर्ज, भाडे यांचा काही वाटा आहे का, हे विचारण्याची तयारी, आणि काही बिघडले तर दाद मागण्याची जागा. ज्यांना परवडते त्यांनी खुशाल जावे. पण समग्र उपचार या नावावर त्यांचा हक्क सांगितला जाऊ लागला की वस्तीत काम करणाऱ्यांनाही लोक त्याच मापाने मोजतात.

मग मान्यता कशी द्यायची? २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. नोंदणी, अभ्यासक्रम, किमान प्रशिक्षण या गोष्टी त्यातून येऊ शकतात आणि कला, नृत्य, हालचाल यांच्या साहाय्याने उपचार करणाऱ्यांना त्या लागू व्हायलाच हव्यात. पण नोंदणीसाठी पदव्युत्तर पदवीचीच अट घातली, तर वस्तीतूनच आलेली, दहावी-बारावी शिकलेली, स्वतः आजारातून उठलेली कार्यकर्ती बाहेर फेकली जाईल आणि शिबिरवाले पदवी मिळवून आत येतील. त्यामुळे दोन पातळ्या हव्यात : स्वतंत्रपणे उपचार करणाऱ्यासाठी कडक प्रशिक्षण आणि नोंदणी, आणि वस्तीत काम करणाऱ्या सहकाऱ्यासाठी कमी कालावधीचे प्रशिक्षण, मात्र त्यावर नोंदणीकृत उपचारकाची नियमित देखरेख आणि कधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे याचे लेखी नियम.

पैशाचा मुद्दा याहून अवघड आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, विकारांनुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचे दिसले. हा आकडा दाखवून आपल्याकडे सहसा आणखी मानसोपचारतज्ज्ञ, आणखी खाटा मागितल्या जातात. २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही हेल्पलाइनही आहे आणि ती चांगलीच गोष्ट आहे. परंतु राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, त्यांतल्या एकट्या येरवड्याची क्षमता अडीच हजारांच्या वर आहे, आणि तरीही पहाटे अडीचला उठणाऱ्या त्या बाईपाशी यांतले काहीच पोहोचत नाही. तिच्यापाशी पोहोचू शकते ती आठवड्यातून एकदा दारात येणारी, डफ वाजवता येणारी, अर्ज लिहिता येणारी आणि धोक्याची लक्षणे ओळखता येणारी कार्यकर्ती. तिला आज पगार मिळतो तो कोणत्या तरी देणगीदाराच्या तीन वर्षांच्या प्रकल्पातून. प्रकल्प संपला की ती दुसऱ्या कामाला लागते आणि जमलेला गोल मोडतो. महापालिकांच्या आरोग्य खात्यात तिच्या नावाचे कायम पद आणि अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. त्या पदाच्या कामकाजात घरभेट आणि कलासत्र यांच्या जोडीला पाणी खात्याकडे पाठपुरावा, संरक्षण अधिकाऱ्यांशी संपर्क आणि रेशनकार्डाची कामे हीसुद्धा लेखी घातली पाहिजेत, नाहीतर पहिल्याच लेखापरीक्षणात कोणीतरी विचारेल की मानसिक आरोग्याच्या कर्मचाऱ्याचा नळाशी काय संबंध.